रसिक कुणाला म्हणायचं?

मी गाण्याला गेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. कारण दोन्हीकडून उलटतपासणी चालू आहे. तिकडचे विचारतात, तुम्ही इकडे कसे? इकडचे विचारतात, तू तिकडे कशाला? दोघांनाही एकदाच उत्तर देतो. परत विचारायचं नाही.

रत्नागिरी शहरातलं एक जुनं चिरेबंदी घर. ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत पाडून मोठी खोली केलेली. जाजमावर साठेक माणसं, भिंतीकडेनं म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. पास 300 रुपयांचा. गाणारी बाई बाहेरगावची. पेपरात फोटो येण्याइतकी मोठी नाही, पण मी तिला दहा वर्षं ऐकतोय. आधी रेडिओवर, मग मोबाइलवर. समोर बसून कधीच नाही. म्हणून गावातून दुपारची एस.टी. पकडली आणि दोन तास आधी जाऊन दारात उभा राहिलो. लग्नाला जातात तशी इस्त्री केलेली पँट घालून.

यजमान उठले. म्हणाले, आज माइक नाही. पूर्वी वाड्यांत, दिवाणखान्यांत अशाच घरगुती बैठका व्हायच्या. गवई आणि रसिक यांच्यामध्ये काही नसायचं. माइक आला आणि ती परंपरा बुडाली, ती आपण परत आणतोय. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आणि गाणं सुरू झालं तेव्हा कळलं की माणूस बरोबर बोलला होता, निदान अर्धं. दोन तंबोरे लागले आणि खोली भरली. बाईनं सा लावायच्या आधी श्वास घेतला तो मला ऐकू आला. मोबाइलमध्ये हा श्वास कापून टाकतात. पेटीवाल्याच्या भात्याची फुसफुस, तबलजीच्या अंगठीचा चुकून लागलेला टणत्कार, बाहेरून गेलेली रिक्षा, सगळं त्यातच. बिहाग होता. विलंबित. बाई घाईत नव्हती. मीही नव्हतो. आवाज लहान, म्हणून साठ माणसं वाकून ऐकत होती. भोंग्यातून आलेलं गाणं आपल्याकडे चालत येतं. बिनमाइकच्या गाण्याकडे आपल्याला चालत जावं लागतं.

एका आवर्तनात तिनं मुखडा अर्ध्यातूनच उचलला आणि अशी समेवर आली, की तबलजीनंही क्षणभर मान वर केली. माझ्या तोंडून "वाऽ" गेलं. एकट्याच्या. पुढच्या रांगा अजून मोजत होत्या. चार माना मागे वळल्या. बाईनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. एवढंच झालं. पण त्या एवढ्याचसाठी तर माणूस सत्तर किलोमीटर जातो.

मध्यंतरात यजमान चहाचा कप घेऊन आले. जाणकार दिसता, म्हणाले. आपलं आडनाव? सांगितलं, जाधव. आता आमच्या कोकणात जाधव म्हणजे काहीच कळत नाही. जाधव मराठ्यांत, जाधव आमच्यात. मोहिते, पवार, सावंत सगळ्यांचं तेच. मग पुढचा प्रश्न येतो, गाव कुठलं? सांगितलं. मग तिसरा. तो येणार हे मला ठाऊक असतं, कारण जन्मभर तो येतोय. "गावात कुठली वाडी?"

कोकणात माणसाची जात आडनावात नसते, वाडीत असते. हा प्रश्न विचारणारा कधीही जात विचारत नाही. पत्ता विचारतो.

"बौद्धवाडी," मी म्हटलं.

चेहरा पडला नाही. तसं लिहिलं असतं तर तुम्हाला आवडलं असतं आणि मलाही लिहायला सोपं गेलं असतं. उलट चेहरा फुलला. "वा वा! म्हणजे तुमच्याकडे तर गाणं रक्तातच! तुमची ती भीमगीतं, काय जोश असतो! आणि तुम्हाला शास्त्रीय पण आवडतं? छान, छान. आमचा उद्देशच तो आहे, सगळ्यांपर्यंत पोचावं."

चहा गोड होता. पण घशाखाली जाईना. हा लेख त्या "पण"वर आहे.

दोन मिनिटांपूर्वी मी जाणकार होतो. वाडी सांगितली आणि मी "सगळे" झालो. ज्यांच्यापर्यंत पोचवायचं असतं ते. लसीकरणासारखं. त्या खोलीतल्या बाकी एकोणसाठ जणांपर्यंत गाणं पोचवायचं नव्हतं. ते त्यांचंच होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, तुम्हाला हे पण आवडतं? आणि मला जे आवडतं ते कान लावून, वर्षं घालवून मी कमावलेलं. ते एका फटक्यात "रक्तात" गेलं. रक्तात असलेल्या गोष्टीचं श्रेय कुणाला द्यावं लागत नाही. त्यांचा रियाज, आमचं रक्त. त्यांची साधना, आमचा जोश. हे वाटप कुणी केलं?

या शहराला ही सवय जुनी आहे. 1931 साली इथे पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींना खुलं. केवढं कौतुक! नाव मात्र नीट वाचा. पतित आम्ही. पावन करणारे दुसरे. दार उघडताना पाटी कुणाच्या नावाची लावलीय ते बघायचं असतं. मैफलीचं दार उघडतानाही तसंच.

आता त्या बुडालेल्या परंपरेविषयी. यजमान म्हणाले, पूर्वी वाड्यांत अशा बैठका व्हायच्या. व्हायच्या ना. माझा आजा सांगायचा. खोताच्या घरी लग्नामुंजीला गाणं असलं की पाव्हण्यांना वाट दाखवायला मशाली धरायचं काम आमच्या माणसांचं. पाव्हणे ओटीवर चढले की आमची माणसं गडग्याच्या भायेर. रातभर. कारण परत जाताना पुन्हा मशाल लागणार. आजा म्हणायचा, "वारा तकडना इलो तर आयकाय येयाचा. फिरलो की बंद." म्हणजे माझ्या आज्यानं गाणं वाऱ्याच्या मर्जीनं ऐकलं. एक ओळ आली, दोन गेल्या. मधलं त्यानं मनानं भरून काढलं. म्हातारपणी तो काहीतरी गुणगुणायचा. शब्द नव्हते, नुसती चाल, आणि तीही मध्ये मध्ये तुटलेली. आम्ही पोरं हसायचो. मोठेपणी रेडिओवर एका रात्री ती चाल सबंध ऐकली तेव्हा कळलं की ती कुठं कुठं तुटत होती. जिथं वारा फिरला होता तिथं.

तो माणूस रसिक नव्हता काय? ओटीवरच्या किती जणांनी ती चाल चाळीस वर्षं सांभाळली?

म्हणून मला कुणी "माइक आला आणि परंपरा बुडाली" असं सांगितलं की टाळ्या वाजवल्याची लाज वाटते. माइकशिवायचा आवाज गडग्यापर्यंतच जातो, यजमानसाहेब. तेवढ्यापुरताच तो असतो. माइकनं, भोंग्यानं, रेडिओनं काय केलं? गडगा ओलांडला. बाबासाहेबांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं, खोती जाण्याचा कायदा व्हायला 1949 उजाडलं. कायद्यानं जमिनीचं काय ते केलं. गाण्याची खोती मात्र रेडिओनं मोडली. बापूस मुंबईला गिरणीत होता. त्यानं चामड्याच्या पिशवीतला रेडिओ आणला, आणि आमच्या चुलीपाशी बसून आम्ही ते ऐकलं ज्याला आजा वाऱ्याची वाट बघत उभा राहिला होता. तुमची जवळीक मोडली असेल. आमची तिथून सुरू झाली.

घरगुती बैठक म्हणजे कुणाच्या घरची, हा प्रश्न आहे. आवाज लहान ठेवायचा तर आधी गडगा पाडावा लागतो. गडगा तसाच ठेवून माइक तेवढा काढलात, तर आजा परत बाहेरच.

पण बिनमाइकची मैफल यांच्याचकडे होती असं कुणी समजू नये. आमच्या वाडीत वायरी येईपर्यंत दुसरं होतं काय? जयंतीला, नाहीतर कुणाच्या जलदानाला रात्री गाणं बसायचं. शेणानं सारवलेली पडवी, मध्ये बत्ती, एक पेटी, एक ढोलकी, एक डफ. डफ चुलीपाशी तापवून आणायचा, थंडीत दर तासाला परत. पेटी वाजवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत तो चौथी. पडवीत तीस माणसं, खळ्यात पन्नास. मास्तर कडवं चुकला तर आतून, भांडी घासता घासता, एखादी म्हातारी दुरुस्त करायची, "तसा नाय रं, आदी बुद्दाचा येतां, मंग भीमाचा." मास्तर मुकाट परत सुरू करायचा. कुठल्या दिवाणखान्यात रसिकानं गवयाला असं थांबवलं असेल? आणि गवयानं ऐकलं असेल? पोर झोपलं की कुणीतरी खूण करायचं आणि गाणं खाली यायचं. नुसत्या गळ्यावर. ढोलकीवर बोटं फक्त टेकलेली. त्या आवाजात दीक्षेची गोष्ट, चवदार तळ्याची गोष्ट. माणसं रडायची. दाद म्हणून पाच-दहा पैसे, आणि पुन्हा तेच कडवं. याला मैफल म्हणायला तुमची जीभ का वळत नाही? याला "जोश" म्हणता. अहो, जोश दिवसा, मिरवणुकीत. रात्री दोन वाजता पडवीत होतं ते बारीक कातलेलं सूत होतं. तुम्ही ऐकलं नाहीत, कारण तेव्हा तुमचा गडगा तुम्हालाही आडवा आला.

वामनदादा कर्डक (1922–2004) असेच गावोगाव फिरले. वस्तीत उतरायचं, कुणाच्याही घरी भाकर खायची, तिथंच गाणं लिहायचं आणि तिथंच गायचं. त्यांच्या आधी भीमराव कर्डकांचे जलसे. त्यांनी स्वतःच 1978 साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून ठेवलं, कारण दुसरं कुणी लिहिणार नव्हतं. संगीताच्या इतिहासात ही माणसं शोधा. लोककला, लोकजागृती, चळवळ असल्या खोल्यांत सापडतील. संगीत या खोलीत नाही. प्रल्हाद शिंदे (1933–2004) यांच्या आवाजातला विठ्ठल आषाढीला देवळादेवळांतून वाजतो, आणि त्याच गळ्यातली भीमगीतं मात्र आमची. विठ्ठल उमप 2010 साली नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात कोसळले आणि गेले. गझल, कोळीगीत, पोवाडा, 'जांभूळ आख्यान', काय गायलं नाही त्या माणसानं? ओळख एकच, लोकशाहीर. म्हणजे लोकांचा. रसिकांचा नव्हे.

आणि ज्या पेटीवर बाईचा बिहाग चालला होता त्या पेटीची गोष्ट ऐका. 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं तिला बंदी घातली. परकी आहे, शुद्ध नाही, आपल्या सुरांना विटाळते. 1971 पर्यंत. 31 वर्षं पेटी स्टुडिओच्या बाहेर. त्या काळात ती कुठं होती? आमच्या जलशांत होती, तमाशात होती, कव्वालीत होती. विटाळलेल्याला विटाळलेल्यानं घरात घेतलं. आज ती दिवाणखान्यात गादीवर बसलीय. चांगलं झालं. तिला कुणी वाडी विचारत नाही.

आता इकडच्यांना. आमच्या मित्रांना.

मंगळवारी विहारात एकजण सगळ्यांदेखत म्हणाला, "कायरं, भटाबामणांचा गाणा आयकाय गेल्तास? 300 रुपये दिलंस? तेवढ्यात पोरांच्या वह्या आल्या असत्या." वह्यांचं मान्य. बाकीचं नाही. हे गाणं बामणांचं आहे असं तुला कुणी सांगितलं, मित्रा? बामणांनीच ना? मग एवढीच एक गोष्ट तू त्यांची खरी कशी मानलीस?

घराणी मुसलमान उस्तादांची. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत घरांतल्या. म्हणजे ज्यांच्या घरी गाणं ऐकायला जायचं, पण ज्यांना आपल्या घरी मानानं बसवायचं नाही, अशा. केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. पृथ्वीची ओळख म्हणून! पृथ्वीवर तिची ओळख काय होती ते विचारू नका. मोगूबाईंना मैफलीच्या गावी मिळणारी वागणूक लहान किशोरीनं बघितली, आणि मोठी झाल्यावर किशोरी आमोणकर (1931–2017) ती चीड उघड बोलून दाखवत राहिल्या. लोकांना त्या तऱ्हेवाईक वाटल्या. मला कधीच वाटल्या नाहीत. आईचा अपमान बघितलेलं पोर कसं असतं ते मला माहीत आहे.

तंबोरे कुणी बनवले? मिरजेच्या शिकलगार मुसलमानांनी, जे आधी हत्यारांना धार लावत. त्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि तबल्याची पुडी? बकऱ्याच्या कातड्याची. कुणीतरी जनावर सोलतो, कुणीतरी कातडं कमावतो, मग पंडितांचं बोट तिच्यावर पडतं आणि तो नाद होतो. दक्षिणेत टी. एम. कृष्णा या ब्राह्मण गवयानं मृदंग बनवणाऱ्यांवर पुस्तक लिहिलं. मृदंगाला गाईचं, म्हशीचं आणि बकऱ्याचं कातडं लागतं आणि ते कमावणारे बहुतेक दलित ख्रिस्ती, हे त्यात छापलं. 2020 साली प्रकाशनाला चेन्नईच्या कलाक्षेत्रानं आधी सभागृह दिलं आणि मग नाकारलं. गाईच्या कातड्यावर देवाची कीर्तनं वाजतात ते चालतं. ते छापलेलं चालत नाही.

म्हणजे गाणारे मुसलमान आणि कलावंतिणी, लाकूड मिरजेच्या मुसलमानांचं, कातडं आपलं. बामणांचं त्यात काय? जाजम. आणि दारावरचा माणूस. तुम्ही "बामणी गाणं" म्हणता तेव्हा त्या दारावरच्या माणसाची पावती फाडता. बाबासाहेबांनी उतारवयात फिडल शिकायला घेतलं. घटना, धर्मांतर, आजारपण, एवढं सगळं मानेवर असताना. कुणाची परवानगी काढली होती त्यांनी?

आणि आता जरा घरातलं बोलतो. राग येईल, येऊ दे.

आपण 14 एप्रिलला काय करतो? ट्रकवर स्पीकरची भिंत. शेजारच्या घराची कौलं थरथरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं. वामनदादाचे शब्द त्या धडधडीत सापडत नाहीत, नुसता ठोका सापडतो. ज्या भोंग्यानं गडगा ओलांडला होता, त्याचाच आपण नवा गडगा केलाय. माणसा-माणसात आवाजाचा. मी त्याच मिरवणुकीत नाचलोय, वरून बोलत नाही. शंभर वर्षं ज्यांना हळू बोल म्हणून सांगितलं त्यांनी एक दिवस मोठ्यानं बोलावं, हे मला कळतं. शेजारच्या आळीतला गणपती ठणाणतो तेव्हा पोलिसांना ऐकू येत नाही आणि आपली जयंती आली की लगेच ऐकू येतं, हेही कळतं. पण वर्षाचा तो एक दिवस झाला. बाकीच्या 364 रात्रींचं काय? पडवी गेली, सिमेंटचा विहार आला, त्यात स्टीलची खुर्ची आली, आणि गाणं कुठं आहे? पेनड्राइव्हमध्ये.

आमचे पेटीमास्तर वारले. त्यांना दोनशेच्या वर गाणी पाठ होती, त्यातली कितीतरी गावातल्याच माणसांनी रचलेली. कुणी उतरवून घेतली नाहीत. मीही नाही. मी तेव्हा रेडिओवर बिहाग ऐकत होतो. हा माझा गुन्हा, लिहून ठेवतो. मास्तरांना दुरुस्त करणारी म्हातारी अजून आहे. नव्वदीला टेकलीय. कान गेलेत. पण डोक्यात सगळं आहे, क्रमासकट. तिच्यासमोर भोंगा लावून उपयोग नाही. जवळ बसावं लागतं, तोंडाजवळ कान न्यावा लागतो. ती गुणगुणते तेवढंच गाणं.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री 10 नंतर उघड्यावर भोंगा बंद. विहाराच्या आत बसलेल्या उघड्या गळ्याला कुणी हात लावत नाही. मग अडलंय कुठं?

त्या रात्री भैरवी संपली तेव्हा एक वाजला होता. मी रडलो. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, ते स्वतःही रडत होते. त्यांनी मला आडनाव विचारलं नाही. हेही लिहायला पाहिजे, नाहीतर मी लबाड. स्टँडवर बाकावर झोपलो, पहिल्या गाडीनं परत आलो. गाडीत बाईचा तो श्वास आठवत होता, सा लावायच्या आधीचा. आणि एकदम आठवलं, मास्तरही पेटीचा भाता ओढायच्या आधी असाच श्वास घ्यायचे. तसाच, नाकानं, अर्धा.

तर येत्या पौर्णिमेला रात्री 9 वाजता आमच्या वाडीतल्या विहारात बसतोय. माइक नाही. खुर्च्या बाहेर काढून ठेवू. मास्तरांची पेटी त्यांच्या पोराकडून आणलीय, भाता फाटला होता तो चिकटवून घेतलाय, दोन पट्ट्या अजून मुक्या आहेत. डफ तापवायला चार शेणी लागतील, येणाऱ्यांनी आणाव्यात. ज्यांना कुणाला जुनी गाणी पाठ आहेत त्यांनी वही घेऊन यावं, नसेल तर नुसतं डोकं घेऊन यावं. म्हातारीला पुढे बसवणार आहे. नंतर बिहाग कुणाला ऐकायचा असेल तर एक पोरगा आहे आमच्यात, शिकतोय, तो गाईल. त्याला कुणी "पण" लावायचा नाही.

रत्नागिरीच्या यजमानांनाही फोन केला. वाडीचा पत्ता त्यांना माहीतच आहे. म्हणाले, नक्की येतो, कार्यक्रम साधारण किती वाजता संपेल?

मी म्हटलं, म्हातारी झोपली की.